एच८१ बोर्डावर ३२ जीबी रॅम बसेल का? १६ जीबीची डीडीआर३ स्टिक घ्यायची की नाही

दुधना_काठ
नमस्कार मंडळी. मशीन असं आहे: आय५-४५७०, एच८१ चिपसेटचा बोर्ड, दोन स्लॉट, त्यात ४+४ जीबी डीडीआर३ १६००. विंडोज १० प्रो, ६४ बिट, २४० जीबीची एसएसडी. काम लग्नाच्या अल्बमचं. फोटोशॉपमध्ये १२ बाय ३६ ची शीट ३०० डीपीआयला उघडून दहा-बारा लेअर झाले की रॅम ९५ टक्क्यांवर जाते आणि माऊससुद्धा अडकत अडकत चालतो.

ऑनलाईन दोन प्रकार दिसायलेत. एक, १६ जीबीची डीडीआर३ डेस्कटॉप स्टिक. दोन घेतल्या की ३२ होतात. दुसरा, ८ जीबीची स्टिक बाजारापेक्षा निम्म्या भावात, पण खाली बारीक अक्षरात 'फक्त एएमडीसाठी' लिहिलंय. मी १६ च्या दोन घ्यायलो होतो, तेवढ्यात म्हटलं आधी इथं विचारावं. परभणीतल्या दुकानदाराचं म्हणणं, "लावून बघू, चाललं तर चाललं."

निळा_पडदा
भाऊ, दोन्ही घेऊ नका.

आधी १६ जीबीचं बघू. रॅम किती चालेल हे नुसत्या जीबीच्या आकड्यावर ठरत नाही. त्या स्टिकवरची एकेक काळी चिप केवढी आहे आणि तेवढी चिप प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला (रॅमशी बोलणाऱ्या भागाला) ओळखता येते का, यावर ठरतं. चौथ्या पिढीच्या इंटेलला, म्हणजे तुमच्या ४५७० ला, जास्तीत जास्त ४ गिगाबिटची चिप कळते. डेस्कटॉपच्या स्टिकवर अशा १६ चिप बसतात. १६ गुणिले ४ म्हणजे ६४ गिगाबिट, आठने भागलं की ८ जीबी. एका स्टिकची हद्द तिथंच संपली. १६ जीबीच्या डीडीआर३ स्टिकवर ८ गिगाबिटच्या चिप असतात. त्या इंटेलमध्ये पाचव्या पिढीपासून चालतात आणि पाचवी पिढी एच८१ वर बसत नाही. बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) अपडेट करूनही फरक पडणार नाही, कारण कंट्रोलर बोर्डावर नसून प्रोसेसरच्या आत आहे.

एच८१ ला स्लॉट दोनच, म्हणून ८+८ = १६. त्याच्या आधीच्या एच६१ चंही गणित हेच. ज्यांच्याकडे चार स्लॉटचे बी७५, क्यू७७ किंवा झेड८७ बोर्ड आहेत, त्यांना ३२ मिळतात.

तीन_बीप
'फक्त एएमडी'चं मी सांगतो. ही फसवाफसवी सगळ्यात जास्त चालते.

त्या स्टिकवर चिप ४ गिगाबिटच्याच असतात आणि १६ च असतात, त्यामुळे दिसायला अगदी बरोबर वाटते. फरक चिपच्या रुंदीत आहे. नेहमीच्या डेस्कटॉप स्टिकवरची एक चिप एका वेळी ८ बिट देते. या स्टिकवरची चिप ४ बिट देते. तसल्या चिप मुळात सर्व्हरच्या रॅमसाठीच्या. त्याच काढून डेस्कटॉपच्या पट्टीवर लावतात, म्हणून स्वस्त. इंटेलच्या डेस्कटॉप कंट्रोलरला ८ आणि १६ बिटच्या चिप कळतात, ४ च्या कळत नाहीत. लावली की डिस्प्लेच येत नाही.

ओळखायची कशी? स्टिकर खोटा असू शकतो, म्हणून थेट चिपवरचा नंबर वाचा. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढला की अक्षरं उठून दिसतात. सॅमसंगची चिप असेल तर 'के४बी४जी' नंतर काय येतं ते बघा:

के४बी४जी०४४६: ४ बिट, नको
के४बी४जी०८४६: ८ बिट, हीच पाहिजे
के४बी४जी१६४६: १६ बिट, ही बहुधा कमी जीबीच्या स्टिकवर असते

हायनिक्सची असेल तर 'एच५टीक्यू४जी' नंतर ४३ म्हणजे ४ बिट, ८३ म्हणजे ८ बिट, ६३ म्हणजे १६ बिट. मायक्रॉनच्या चिपवर छोटा संकेत असतो, त्यावरून थेट कळत नाही. तिथं स्टिकरवरच्या रँकवर (चिपचे किती गट आणि एकेक चिप किती बिटची, त्या आकड्यावर) भागवा. चांगल्या ८ जीबी डीडीआर३ स्टिकवर '२आरएक्स८' छापलेलं असतं. '१आरएक्स४' दिसलं की परत द्या. काहीच छापलेलं नसेल आणि वर रंगीत हीटसिंक चिकटवलेला असेल तर सेकंड हँडमध्ये अशी स्टिक घेऊच नये, हे माझं मत. ते झाकण बहुतेक वेळा काहीतरी झाकायलाच असतं.

हरभरा_डाळ
सर्व्हरमधून निघालेली १६ जीबी डीडीआर३ तर किलोच्या भावात मिळते की. ती का नको? खाचसुद्धा त्याच जागी असते.

निळा_पडदा
@हरभरा_डाळ खाच जुळते, हाच तर घोळ आहे. ती रजिस्टर्ड रॅम. चिप आणि कंट्रोलर यांच्या मधे आणखी एक चिप बसलेली असते आणि डेस्कटॉपचा कंट्रोलर तिच्याशी बोलत नाही. स्लॉटमध्ये टचकन बसते, पंखा फिरतो, पडदा काळाच.

स्टिकरवर 'पीसी३-१२८००' च्या मागचं अक्षर बघा. यू असेल तर डेस्कटॉपची, एस लॅपटॉपची, आर सर्व्हरची, एल मोठ्या सर्व्हरची. ई म्हणजे ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करायची सोय) असलेली पण रजिस्टर नसलेली. चिप मोजूनही कळतं: एका बाजूला ८ च्या ऐवजी ९ असतील तर ईसीसी. सॅमसंगच्या नंबरची सुरुवात एम३७८ ने असेल तर डेस्कटॉप, एम४७१ ने लॅपटॉप, एम३९३ ने सर्व्हर. डीडीआर४ मध्येही हाच सापळा आहे. डीडीआर५ मध्ये मात्र सर्व्हरच्या स्टिकची खाच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे ती डेस्कटॉपात बसतच नाही. एवढं तरी बरं केलं.

झिऑन (इंटेलच्या सर्व्हरच्या) प्रोसेसरवाले जे एक्स७९, एक्स९९ चे चिनी बोर्ड येतात, त्यांना रजिस्टर्ड रॅम चालते. 'आमच्याकडं तर चालते' असं कुणी म्हणालं की आधी बोर्ड कोणता ते विचारा.

दुधना_काठ
म्हणजे १६ वरच समाधान मानायचं. पण १६ मध्ये काम भागेल का? नाहीतर सरळ नवीनच मशीन घेतो.

स्क्रू_ड्रायव्हर
हिशेब करून बघू. १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल. आठ बिट आरजीबीत प्रत्येक पिक्सेलला ३ बाईट, म्हणजे एक सपाट थर साधारण १११ एमबी. पूर्ण आकाराचे बारा लेअर झाले की सव्वा ते दीड जीबी, मास्क आणि पारदर्शक भाग धरून आणखी वर. त्यावर हिस्ट्री. फोटोशॉप मुळात ५० पायऱ्या मागे जायची सोय ठेवतो आणि प्रत्येक मोठ्या फिल्टरनंतर शीटचा बराचसा भाग पुन्हा साठवतो. ८ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि हे सगळं मावत नाही. १६ मध्ये एका वेळी एक-दोन शीट आरामात होतात.

हिस्ट्री २० वर आणा. परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी ७० टक्के असते, ती १६ जीबी झाल्यावर ७५-८० करायला हरकत नाही. स्क्रॅच डिस्क (रॅम अपुरी पडली की फोटोशॉप वापरतो ती डिस्कवरची जागा) एसएसडीवरच ठेवा आणि तिच्यात निदान ५० जीबी मोकळी जागा राहू द्या. २४० ची एसएसडी गच्च भरलेली असेल तर रॅम वाढवूनही माऊस अडकेल. अन् सोळा बिटमध्ये काम करत असाल तर वरचे सगळे आकडे दुप्पट धरा. अल्बमला त्याची गरज नसते.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून भडकलेत. डीडीआर५ चं नवं मशीन आत्ताच उभं करायची घाई नको, असं मला वाटतं. जुनी डीडीआर३ ८+८ टाका आणि वर्ष काढा.

तीन_बीप
घेताना नंबर सांगून घ्या. किंग्स्टनचा केव्हीआर१६एन११/८ चालेल. त्यात १६ म्हणजे १६००, एन म्हणजे दीड व्होल्टची साधी, ११ म्हणजे सीएल (रॅमला उत्तर द्यायला लागणारा वेळ), ८ म्हणजे जीबी. केव्हीआर१६एलएन११/८ मिळाला तर तोही चालेल, तो १.३५ आणि १.५ दोन्ही व्होल्टवर चालतो. दोन्ही स्टिक एकाच नंबरच्या घ्या. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर स्टिकचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात.

बालाघाट
धागा थोडा वळवतो. रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, चार स्लॉट, सध्या २×८ डीडीआर४ ३२००. ड्रोनच्या फोटोंवरून शेताचे नकाशे करायचेत, ओपनड्रोनमॅप वापरून. ६४ करायचे आहेत. १६ च्या चार घेऊ की ३२ च्या दोन? जुन्या दोन आहेत तशा ठेवून वर ३२ च्या दोन टाकल्या तर ८० होतील, तेही डोक्यात आहे.

निळा_पडदा
@बालाघाट दादा, ३२ च्या दोन.

एएमडीने ३६०० साठी दिलेले वेग असे आहेत: दोन स्टिकला ३२००, चार सिंगल रँकला २९३३, चार ड्युअल रँकला २६६७. १६ ची स्टिक दोन्ही प्रकारांत येते. ३२ ची डीडीआर४ स्टिक मात्र ड्युअल रँकच, १६ गिगाबिटच्या १६ चिपची. ८० जीबीच्या हव्यासात चार स्लॉट भरले की वेग खाली येतो. त्यात दोन वेगवेगळ्या जातीच्या स्टिक एकत्र, म्हणजे चार तास चाललेलं प्रोसेसिंग साडेतीन तासांनी बंद पडायची सोय. जुन्या विकून टाका.

नंबर: किंग्स्टन केव्हीआर३२एन२२डी८/३२, किंवा सॅमसंग एम३७८ए४जी४३एबी२. ६४ जीबीची साधी डीडीआर४ डेस्कटॉप स्टिक नसतेच. कुणी विकत असेल तर ती सर्व्हरची आहे.

क्रम असा ठेवा. जुनी रॅम लावलेली असतानाच बायोस अपडेट करा, कारण सुरुवातीच्या बायोसमध्ये ३२ च्या स्टिकने डिस्प्ले न येण्याचा त्रास होतो. तुमच्याकडं दुपारी लाईट जाते ना? अपडेट यूपीएसवर करा, आणि आधी प्लग ओढून यूपीएसची बॅटरी दोन मिनिटं तरी टिकते का ते बघा. मग प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये स्टिक बसवा. पहिल्या आणि दुसऱ्यात लावल्या तर चालतील, पण एकाच चॅनलवर (रॅम आणि प्रोसेसरमधल्या एकाच रस्त्यावर). एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लागू करणारी बायोसमधली सेटिंग) शेवटी चालू करा. आधी मुळातल्या वेगावर चाचणी, मग ३२०० वर.

काळं_रान
ओपनड्रोनमॅपच्या कागदपत्रांत ढोबळ अंदाज दिलेला आहे: १६ जीबीत २५० फोटो, ३२ मध्ये ५००, ६४ मध्ये १५००, १२८ मध्ये २५००. फोटो किती काढायचेत त्यावरून उलट हिशेब करा. दहा-बारा एकराच्या वावराला ६४ जीबी म्हणजे चैन आहे. पाणलोटाचं अख्खं गाव उडवणार असाल तर मात्र ६४ लागतील.

गोदा_नाभी
नांदेडहून. रायझन ७ ७७००, बी६५० बोर्ड, २×१६ डीडीआर५. घरच्या घरी ७० अब्ज पॅरामीटरचं एआय मॉडेल चालवायचंय, ग्राफिक कार्ड छोटं आहे. अजून २×१६ घेऊन ६४ करू का? हैदराबादला जाणं होतंय, तिथून आणतो.

तीन_बीप
@गोदा_नाभी चार स्टिक नकोत, आणि तुमच्या कामाला तर मुळीच नकोत.

७००० मालिकेला एएमडी दोन स्टिकवर ५२०० देते, चार लावल्या की ३६००. आता हिशेब. ५२०० वर दोन चॅनल मिळून सेकंदाला साधारण ८३ जीबी वाचता येतात, ३६०० वर ५७-५८. ७० अब्जाचं मॉडेल ४ बिटमध्ये दाबलं तरी ४० जीबीच्या आसपास जातं. एकेक शब्दतुकडा काढायला ते अख्खं वाचावं लागतं. म्हणजे दोन स्टिकवर सेकंदाला जेमतेम दोन तुकडे, चार स्टिकवर दीडसुद्धा नाहीत. आहे तेच संथ, त्यात पैसे घालून आणखी संथ कशाला करायचं?

३२ च्या दोन किंवा ४८ च्या दोन घ्या. ४८ च्या स्टिकवर २४ गिगाबिटच्या चिप असतात, त्यासाठी बायोस २०२३ च्या मध्यानंतरचा पाहिजे. ६४ जीबीची स्टिकही निघाली आहे, ३२ गिगाबिटच्या चिपची. ती घेण्याआधी बोर्डाच्या यादीत तोच नंबर आहे का ते बघा.

बसवल्यावर पहिल्यांदा पडदा काळा राहील. घाबरून बंद करू नका. बोर्ड रॅमशी वेळ जुळवत असतो. मोठ्या स्टिकला दहा-पंधरा मिनिटंही लागतात. मधेच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. 'रॅम खराब निघाली' म्हणून परत येणाऱ्यांत असे कितीतरी असतात.

दुधना_काठ
केव्हीआर१६एलएन११/८ च्या दोन मिळाल्या. चिपवर ०८४६ आहे, स्टिकरवर २आरएक्स८. लावल्या, डिस्प्ले आला, पण बायोस आणि विंडोज दोन्हीकडं ८ जीबीच दिसायलेत. एकेक करून लावली तर पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही चालतात, दुसऱ्या स्लॉटमध्ये कुठलीच दिसत नाही. आता जुनी ४ चीसुद्धा तिथं दिसेना. आधी ४+४ व्यवस्थित होत्या. कॅबिनेट उघडलंच होतं म्हणून धूळ काढून प्रोसेसरची थर्मल पेस्टही बदलली होती.

स्क्रू_ड्रायव्हर
शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे, भाऊ. रॅम चांगली आहे.

विंडोजमध्ये १६ 'बसवलेली' आणि ८ 'वापरण्याजोगी' दिसली असती तर एमएसकॉन्फिगमधल्या बूटच्या पानावरची 'जास्तीत जास्त मेमरी'ची खूण काढा म्हणालो असतो. पण तुमच्याकडं बायोसलाच दिसत नाही आणि एक अख्खा स्लॉट मेलाय. तुमच्या बोर्डावर एक स्लॉट म्हणजे एक चॅनल. त्या चॅनलच्या तारा सॉकेटमधल्या पिनांवरून प्रोसेसरमध्ये जातात. कूलर एका बाजूला जास्त दाबला गेला किंवा प्रोसेसर केसभर तिरका बसला की एक चॅनल गायब होतो.

प्लग काढा, यूपीएसचाही. पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेला करंट जाईल. बोर्डावरचा बारका दिवा विझला पाहिजे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. कंपनीच्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. बोर्डाच्या मागून बघा, चारही टोकं सारखी बाहेर आलीत का. एखादी अर्धवट असेल तर चारही सोडवून समोरासमोरच्या दोन-दोन अशा पुन्हा दाबा. तेवढ्यानं झालं नाही तर प्रोसेसर उचला आणि टॉर्चच्या उजेडात सॉकेटमधल्या पिना वेगवेगळ्या बाजूंनी बघा. सगळ्या एका दिशेला सारख्या चमकतात. वाकलेली एक वेगळी चमकते. पिनवर पेस्ट सांडली असेल तर बोटानं पुसू नका, कारागिराकडं न्या.

धूळ कशानं काढली? गॅरेजच्या कॉम्प्रेसरनं हवा मारली असेल तर त्यातून पाण्याचे थेंबही येतात. स्लॉट आधी कोरड्या ब्रशनं साफ करा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, स्लॉटच्या तळात बसते. स्टिकचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरनं हलके पुसा आणि त्याचा चुरा झटकून मगच लावा.

दुधना_काठ
खालची डावी खुंटी अर्धीच बसली होती. चारही काढून पुन्हा दाबल्या. १६ जीबी दिसायलेत, टास्क मॅनेजरमध्ये १६०० चा वेग, २ पैकी २ स्लॉट. आता मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) लावू का सरळ काम सुरू करू?

तीन_बीप
मेमटेस्ट लावा. पेनड्राईव्हवरून चालू करून रात्रभर चारही फेऱ्या होऊ द्या. कॅबिनेटचं दार बंद ठेवूनच. उघड्या दारानं, पंख्याच्या वाऱ्यात पास झालेली रॅम मे महिन्यात दुपारी ४२ अंशाला चुका द्यायला लागते. एक जरी लाल ओळ आली तरी ती स्टिक परत. 'एकच तर एरर आहे' असं म्हणू नका, त्या एका चुकीनं अख्खी पीएसडी फाईल उघडेनाशी होते.

हरभरा_डाळ
निघालेल्या ४+४ मी घेऊ का? जी४१ बोर्ड आहे, डीडीआर३ चाच.

निळा_पडदा
@हरभरा_डाळ चिप मोजून घ्या. जी४१ ला २ गिगाबिटपर्यंतचीच चिप कळते, म्हणून ४ जीबीच्या स्टिकवर १६ चिप, दोन्ही बाजूंना ८-८, असल्याच पाहिजेत. एकाच बाजूला ८ चिपची ४ जीबी असेल तर ती तुमच्याकडं चालणार नाही.

दुधना_काठ
@हरभरा_डाळ एकीवर १६ आहेत, एकीवर ८. १६ वाली घेऊन जा.